एरंडावरची अळी आणि उन्हाळा : प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी, ठाणे

प्रकल्पाचा विषय आज मार्गदर्शक मॅडमनी मान्य केला. मुरबाड-शहापूर भागात भाजीपाला करणारे शेतकरी उन्हाळ्याविषयी एक वाक्य हमखास बोलतात, की ऊन कडक पडले की अळी जळून जाते. आणि हवामानबदलावरील लेखांत मात्र असे वाचायला मिळते की तापमान वाढले की किडींचा उपद्रव वाढणार. दोन्ही विधाने सारख्याच ठामपणे केली जातात. निदान एका किडीपुरते तरी यातले किती खरे आहे, हे या उन्हाळ्यात तपासून पाहायचे ठरले आहे.

कीड निवडली ती तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा. नावात तंबाखू असली तरी सोयाबीन, भुईमूग, कोबी, मिरची, अळू असे तिला काहीही चालते. निवडीमागचे खरे कारण मात्र शास्त्रीय कमी आणि सोयीचे अधिक आहे. ही अळी एरंडाच्या पानांवर उत्तम वाढते, आणि कोपरीकडे रेल्वेच्या कुंपणालगत व ऐरोलीला खाडीकडच्या मोकळ्या जागांवर एरंड कोणी न लावता माजलेला आहे. कृत्रिम खाद्याचा खर्च त्यामुळे वाचला.

१५ फेब्रुवारी

ऐरोलीहून पाच अंडीपुंज मिळाले. मादी पानाच्या मागील बाजूस दोन-तीनशे अंडी एकत्र घालते आणि स्वतःच्या पोटावरील तपकिरी केसांनी ती झाकून टाकते, त्यामुळे अंडीपुंज पानाला चिकटलेल्या लोकरीच्या ठिपक्यासारखा दिसतो. अंड्यांतून तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर येतात, पाच वेळा कात टाकून दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण वाढतात, मातीत शिरून कोषावस्थेत जातात आणि आठवडा-दहा दिवसांनी पतंग होऊन बाहेर पडतात. एकूण महिनाभराचे हे चक्र आहे, म्हणजे पावसाळ्याआधी जेमतेम तीन पिढ्या हाताशी लागतील.

३ मार्च

अळ्यांची पहिली तुकडी गेली. गेल्या चार दिवसांत अळ्या डब्याच्या जाळीवर चढून मागच्या पायांनी उलट्या लटकू लागल्या, त्यांची कातडी ढिली पडली आणि हात लावताच आतून करडा द्रव बाहेर आला. हा विषाणूचा, म्हणजे एनपीव्हीचा, रोग आहे आणि शेतकरी जैविक कीटकनाशक म्हणून जो फवारतात तोच हा. बहुधा न धुतलेल्या पानांवरून तो आत आला. सर्व डबे, चिमटे आणि ब्रश सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवले आहेत. यापुढे पाने त्याच्या सौम्य द्रावणात धुऊन, मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्यायची. प्रयोगशाळेतील काकांनी पहिल्याच दिवशी हे सुचवले होते, आणि आम्ही ते ऐकले नव्हते, हेही येथे नोंदवून ठेवते.

५ मार्चपासून नवीन अंडीपुंजांवर काम सुरू होईल.

९ मार्च

अळ्या लहान असताना उपकरणे तपासून घेतली आणि ते बरेच झाले. जुन्या इन्क्युबेटरच्या, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटाच्या, पडद्यावर ४२ अंश दिसत असताना आत तीन ठिकाणी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावल्या, तर पंख्याजवळ ४३.६, मधल्या फळीवर ४२.१ आणि दाराजवळ ४०.३ अंश अशी वाचने मिळाली. एरवी सव्वातीन अंशांचा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता. पण ४२ अंशांना जगणारी अळी ४५ अंशांना काही तासांत मरते, त्यामुळे या कामात तो फरक म्हणजे संपूर्ण निष्कर्ष बदलून टाकणारी चूक ठरली असती. तीव्र तापमानाचे सर्व प्रयोग आता काचेच्या नळ्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाच्या पाण्याच्या टाकीत, बुडवून करायचे, आणि इन्क्युबेटर फक्त दीर्घकाळच्या प्रयोगांसाठी, तेही केवळ मधली फळी वापरून.

या निमित्ताने मॅडमनी इटालियन शास्त्रज्ञ फेरुचिओ रितोसा यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या फळमाश्यांच्या इन्क्युबेटरचे तापमान कोणीतरी चुकून वाढवून ठेवले होते, आणि त्या माश्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर त्यांना कधी न पाहिलेल्या जागी फुगवटे दिसले. १९६२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. उष्णतेमुळे काही जनुके तातडीने कामाला लागतात, हे त्यातून कळले, आणि पुढे सत्तरच्या दशकात त्या जनुकांपासून तयार होणारी उष्माघात प्रथिने ओळखली गेली. पेशीतील इतर प्रथिने उष्णतेने विस्कटू लागली की ही प्रथिने त्यांना सावरून धरतात. आमच्या इन्क्युबेटरच्या चुकीतून असे काही निघण्याची शक्यता नाही, परंतु हा विषय आमच्या प्रयोगाला थेट लागू आहे.

२१ मार्च

पाच दिवसांचे काम आज संपले. तिसऱ्या अवस्थेतील, म्हणजे दोनदा कात टाकलेल्या, अळ्या, प्रत्येक गटात तीस, प्रत्येक नळीत एकच अळी आणि सोबत ओलसर गाळणकागदाची पट्टी, जेणेकरून अळी मेली तर ती उष्णतेने मेली, सुकून नव्हे, एवढे तरी निश्चित म्हणता येईल. ४० अंशांना चार तास ठेवलेल्या तीसपैकी २९ जगल्या. ४२ अंशांना चार तासांनंतर २४ जगल्या. ४४ अंशांना एका तासाने २५, दोन तासांनी १४ आणि चार तासांनी केवळ २ उरल्या. ४६ अंशांना एका तासातच २७ मेल्या आणि दोन तासांनंतर एकही उरली नाही.

आकडे पाहिल्यावर एक गोष्ट उघड होते, की ‘ही अळी किती तापमानाला मरते’ हा प्रश्नच अपुरा आहे, कारण त्याचे उत्तर ‘किती वेळ’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही. ४२ अंशांचे चार तास ती बहुतांशी सोसते, ४४ अंशांचे चार तास सोसत नाही, आणि ४६ अंशांना तिच्याकडे तासभरही नसतो. तापमान अंशाअंशाने चढत असताना जगण्याचा अवधी मात्र पटीने घटत जातो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येणारा कमाल तापमानाचा एक आकडा त्यामुळे आमच्या फारसा उपयोगाचा नाही; पारा त्या आकड्याजवळ किती वेळ रेंगाळला, हे त्यात नसते.

मोजणीविषयी एक सूचना पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी. नळीतून काढल्याबरोबर मोजू नये. ४४ अंशांच्या एक तासाच्या गटात त्याच क्षणी ११ अळ्या निपचित होत्या आणि ब्रशने स्पर्श करूनही हलत नव्हत्या, पण चोवीस तासांनी त्यांतील सहा पाने खात होत्या. ही उष्णतेने आलेली मूर्च्छा होती. पहिल्या दिवशी आम्ही लगेच मोजले होते आणि तो गट पूर्ण पुन्हा करावा लागला.

२५ मार्च

रितोसांच्या गोष्टीचा पाठपुरावा केला. तीस अळ्यांना आधी ३८ अंशांवर एक तास ठेवले, मग दोन तास २७ अंशांवर विसावू दिले आणि नंतर ४४ अंशांना दोन तास ठेवले. २२ जगल्या. पूर्वतयारीशिवाय थेट ४४ अंशांना ठेवलेल्या सोबतच्या गटातील १३ जगल्या, म्हणजे मागील आठवड्याच्या १४ शी जुळणारा आकडा. फक्त एका तासाच्या सौम्य चटक्याने एवढा फरक पडतो.

शेतात तापमान कधीच वॉटर बाथसारखे एकदम चढत नाही. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत ते हळूहळू वाढते, म्हणजे कीटकाला ही पूर्वतयारी निसर्गतःच मिळते. आमचे २१ मार्चचे आकडे म्हणूनच शेतातील मृत्यू जरा वाढवून सांगत असावेत.

७ एप्रिल

आज दिवसभर तापमान मोजले, अळ्यांना हात लावला नाही. महाविद्यालयाच्या मागील वाफ्यात दुपारी अडीच वाजता सावलीतील हवा ३६.४ अंश होती. पाणी दिलेल्या एरंडाच्या पानाची खालची बाजू ३३.१ अंश होती, कारण पान बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड ठेवत असते. दोन दिवस पाणी तोडलेल्या रोपाचे मरगळलेले पान मात्र ३८.९ अंशांवर होते. उघड्या मातीचा पृष्ठभाग ५६ अंश, पाच सेंटिमीटर खोलीवर ४१.५ आणि दहा सेंटिमीटरवर ३५.८ अंश.

एकाच चौरस मीटरमध्ये, एकाच वेळी, ३३ पासून ५६ अंशांपर्यंतची घरे उपलब्ध आहेत आणि त्यांतील कोणत्या घरात राहायचे हे अळी स्वतः ठरवते. कोवळ्या अळ्या पानाच्या खालच्या बाजूस घोळक्याने राहतात. मोठ्या अळ्या दिवसा झाडाखालच्या पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगांत दडतात आणि रात्री वर येऊन खातात. भारतीय हवामान विभाग किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक चढलेले असेल तर उष्णतेची लाट मानतो, मैदानी भागात हीच मर्यादा ४० अंशांची आहे. परंतु हा निकष माणसांसाठी आहे आणि तो झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगलेल्या तापमापकावर आधारलेला आहे. पाणी मिळालेल्या पानाखालच्या अळीला त्या लाटेची झळ लागेलच असे नाही, आणि उघड्या मातीवर पडलेल्या अळीला लाट नसतानाही मरण आहे.

म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने अळीलाही सावली दिली. मॅडमच्या मते हे वाक्य अहवालात लिहू नये, म्हणून येथे लिहिले.

१३ एप्रिल, मुरबाड

सहकाऱ्याच्या मामांच्या शेतावर गेलो. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची तयारी चालू होती. शेण, पालापाचोळा आणि फांद्यांचे थर वाफ्यावर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, ही कोकणातील जुनी रीत. मामा म्हणाले, “राब केला की तण येत नाही आणि रोपाला जोर येतो.” किडीचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि मीही तो त्यांच्या तोंडी घालणार नाही. परंतु मातीच्या वरच्या थरातील कोषांचे त्या आगीत काय होत असेल हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. लाकूडफाटा आणि धूर यांमुळे ही पद्धत टिकवण्याजोगी नाही, हेही तितकेच खरे.

भेंडीच्या रिकाम्या झालेल्या वाफ्यात मी उकरून पाहिले. तीन ते सात सेंटिमीटर खोलीवर चार कोष मिळाले, पैकी तीन स्पोडोप्टेराचे असावेत. ७ एप्रिलच्या मोजमापांनुसार पाच सेंटिमीटरवर भर दुपारीही ४१-४२ अंशांच्या आसपासच तापमान असते, म्हणजे कोष तिथे सुरक्षित आहे. नांगराच्या फाळाने तो वर आला की त्याच क्षणी ५६ अंशांत आणि बगळ्या-साळुंक्यांच्या नजरेत येतो. उन्हाळी नांगरटीची शिफारस कृषी विभाग वर्षानुवर्षे करतो. ती काम करते ती उन्हाच्या जोरावर, पण त्या उन्हापर्यंत कोषाला पोहोचवण्याचे काम नांगराला करावे लागते. ‘ऊन कडक पडले की अळी जळते’ या वाक्यातला नांगर तेवढा गळून पडला आहे.

परतताना मामांनी भातावरील तपकिरी तुडतुड्यांविषयी विचारले. तो निराळा प्राणी आहे. त्याच्या शरीरात यीस्टसारखे सूक्ष्मजीव राहतात, तुडतुड्याला लागणारी काही पोषकद्रव्ये तेच पुरवतात, आणि ३५ अंशांच्या आसपास ते सूक्ष्मजीवच घटू लागतात. म्हणजे कीटक स्वतः उष्णता सोसू शकला तरी त्याचा भाडेकरू सोसत नाही. आमच्या प्रकल्पात हे बसत नाही, पण एका किडीवरून सगळ्यांविषयी बोलू नये याची आठवण म्हणून नोंदवले.

२६ एप्रिल

रात्रीच्या तापमानाचा प्रयोग संपला, आणि सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. दोन गट, प्रत्येकी चाळीस अळ्या. दोघांनाही पाच दिवस रोज दुपारी तीन तास ४२ अंश. फरक फक्त रात्रीचा होता, एका गटाला २५ अंश आणि दुसऱ्याला ३१ अंश. पाचव्या दिवसाअखेर पहिल्या गटात ३३ आणि दुसऱ्या गटात २१ अळ्या जिवंत होत्या.

दुपारी ४२ अंशांना दोन्ही गटांतील अळ्या खाणे थांबवतात. २५ अंशांच्या रात्री त्या भरपूर खाऊन दिवसाची तूट भरून काढतात, हे उरलेल्या पानांवरून स्पष्ट दिसते. ३१ अंशांच्या रात्री शरीराचा खर्च चढाच राहतो आणि दुपारी झालेली मोडतोड दुरुस्त करायला उसंत मिळत नाही. दुसऱ्या गटातून जे कोष झाले तेही वजनाला हलके भरले. एप्रिल-मे महिन्यात ठाण्यात खाडीवरची दमट हवा आणि दिवसभर तापलेले काँक्रीट यांमुळे रात्र लवकर निवत नाही. मुरबाडला दिवस ठाण्यापेक्षा कडक असतो, पण पहाटे गारवा येतो. कागदावर मुरबाड अधिक उष्ण. अळीच्या दृष्टीने मात्र हा हिशेब उलटा लागू शकतो.

२२ तारखेच्या रात्री चाळीस मिनिटे वीज गेली होती. दोन्ही इन्क्युबेटर सारख्याच वेळ बंद राहिले आणि दोन्ही खोलीच्या तापमानाकडे सरकले, हे अहवालात नमूद करायचे आहे.

५ मे

मित्रकीटकांची छोटी चाचणी केली. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही लांब नसलेली गांधीलमाशीच्या कुळातील परोपजीवी कीटक आहे, जी इतर कीटकांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. बाजारात मिळणाऱ्या एका ट्रायकोकार्डावर तांदळावरील पतंगाची सुमारे वीस हजार परोपजीवीग्रस्त अंडी चिकटवलेली असतात. स्पोडोप्टेराच्या केसाळ अंडीपुंजावर ट्रायकोग्रामाचे फारसे चालत नाही, म्हणून स्पोडोप्टेराशी तिची थेट तुलना करण्याचा दावा आम्ही करत नाही. फक्त कार्डाचे तुकडे करून पाहिले. २७ अंशांवरील तुकड्यातून बहुतेक सर्व गांधीलमाश्या बाहेर पडल्या, आणि रोज तीन तास ४० अंश सोसलेल्या तुकड्यातून फारच थोड्या. ज्या ४० अंशांना आमच्या तीसपैकी एकच अळी मेली होती, तेच तापमान या मित्राला झेपले नाही. कार्डे संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूस लावावीत असे शेतकऱ्यांना सांगितले जाते, त्यामागचे कारण यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

१६ मे

जगणे आणि संतती होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे २०१८ मध्ये ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील संशोधकांनी पिठातील तांबड्या भुंगेऱ्यावर दाखवले होते. ४२ अंशांच्या पाच दिवसांच्या लाटेनंतर नरांची प्रजननक्षमता निम्म्यावर आली, आणि दुसऱ्या लाटेनंतर ते जवळजवळ वंध्य झाले. माद्यांवर तेवढा परिणाम झाला नाही.

आमचा प्रयोग त्याच धर्तीचा, पण फार लहान. नर कोषांना चार दिवस रोज तीन तास ४२ अंश दिले. पतंग बाहेर येण्यात काहीच अडचण आली नाही, आणि पंखही धड होते. अशा आठ नरांच्या जोड्या न तापवलेल्या माद्यांशी लावल्या. सर्व माद्यांनी अंडी घातली. दोन जोड्यांची अंडी मुळीच फुटली नाहीत, तिघींची निम्म्याहून कमी फुटली, उरलेल्या तिघींची नेहमीसारखी. माद्या तापवलेल्या उलट्या गटात एकही अंडीपुंज पूर्ण वाया गेला नाही. आठ जोड्यांवरून टक्केवारी काढण्याचा मोह आवरला आहे. केवळ मेलेल्या अळ्या मोजून आम्ही थांबलो असतो तर या आठही नरांची नोंद ‘जिवंत, निरोगी’ अशी झाली असती.

२० मे

अहवालाच्या प्रस्तावनेवर मॅडमशी बराच वेळ चर्चा झाली. २०१८ मध्येच ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला होता की जागतिक सरासरी तापमानात होणाऱ्या प्रत्येक अंश वाढीमागे भात, मका आणि गहू यांचे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, पण त्यातील भूगोल बहुधा गाळला जातो. वाढीचा मोठा वाटा समशीतोष्ण प्रदेशांचा आहे, कारण तिथले कीटक आपल्या सोयीच्या तापमानापेक्षा बरेच खाली जगतात आणि थोडी ऊब त्यांच्या पथ्यावर पडते. उष्ण कटिबंधातील कीटक आधीच त्या सोयीच्या टोकाशी आहेत. कीटकाच्या वाढीचा आलेख डावीकडून सावकाश चढतो आणि शिखर ओलांडले की कड्यावरून कोसळल्यासारखा उतरतो, त्यामुळे ठाण्यातील आणि कॅनडातील एक अंश सारखा नव्हे.

थंडीचे टोकही प्रस्तावनेत दोन वाक्यांत यावे असे ठरले. भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी हिवाळ्यात सुप्तावस्थेत जात नाही, त्यामुळे तिच्या मूळ खंडात ती गोठणाऱ्या प्रदेशांत टिकत नाही आणि दर वर्षी दक्षिणेकडून नव्याने उत्तरेला जाते. कोकणात तिला किंवा आमच्या अळीला अडवणारी थंडीच नाही. येथे प्रश्न फक्त वरच्या टोकाचा आहे.

४ जून

शेवटचा प्रयोग. २४ मे रोजी गच्चीवरील मातीच्या खोक्यात जाळीखाली साठ कोष पुरले होते, वीस पृष्ठभागावर फक्त पालापाचोळ्याने झाकून, वीस तीन सेंटिमीटरवर आणि वीस आठ सेंटिमीटरवर. पृष्ठभागावरच्या गटातून दोन पतंग निघाले, दोघांचेही पंख आखडलेले. तीन सेंटिमीटरवरून ११ आणि आठ सेंटिमीटरवरून १७ निघाले. काल संध्याकाळी वळवाची सर आली आणि माती बसली, तरी शेवटचे दोन पतंग आज पहाटे जाळीवर बसलेले होते.

तीन सेंटिमीटरच्या गटातील पाच नर वेगळे काढून ठेवले आहेत. माद्या उद्या जोडायच्या आणि अंडी फुटतात का ते दहा तारखेपर्यंत पाहायचे. ऐरोलीचा एरंड पावसाने झोडपला असेल, म्हणून पाने कोपरीहून आणावीत.